तालुक्याच्या इतिहास संग्रहालयात वस्तू कशी घ्यावी, नोंदवावी आणि सांभाळावी

जुना वाडा पाडायला निघाला की माळ्यावरची पितळी भांडी मोडीत जातात, मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) रद्दीत जातात आणि दगडी जाते अंगणाबाहेर टाकले जाते. हे थांबवावे म्हणून आम्ही काही जणांनी तालुक्याच्या गावी एक लहान संग्रहालय सुरू केले. पहिल्या वर्षी जे येईल ते आम्ही घेत गेलो आणि लिहून मात्र फारच थोडे ठेवले. त्या वेळी पाच मिनिटांत विचारून घेता आली असती अशी माहिती मिळवण्यासाठी पुढची दोन वर्षे आम्ही घरोघर फिरलो. तोपर्यंत काही दाते वारले होते, काही शहरात मुलांकडे गेले होते, आणि आजही आमच्या कपाटात काही वस्तू अशा आहेत की त्या कोणी दिल्या हे सांगता येत नाही. असे संग्रहालय नव्याने सुरू करणाऱ्या मंडळांना, शाळांना आणि वाचनालयांना ही पायपीट करावी लागू नये, यासाठी हा लेख लिहीत आहे.

१. आधी संस्था उभी करा, मग वस्तू स्वीकारा

वस्तू कोणाच्या मालकीची होणार, हा पहिला प्रश्न आहे. एखाद्या उत्साही शिक्षकाच्या किंवा सरपंचांच्या नावावर संग्रह जमू लागला, तर त्यांच्यानंतर तो वारसांचा होतो आणि वारसांना त्यात रस असेलच असे नाही. म्हणून संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली नोंदणी झालेली संस्था आधी हवी. गावात चांगले चाललेले जुने सार्वजनिक वाचनालय असेल तर त्याच्या घटनेत संग्रहालयाचा उद्देश समाविष्ट करणे हा माझ्या मते सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण नोंदी ठेवण्याची शिस्त तिथे आधीपासून असते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण येथे आठवते. दिनकर केळकर यांनी १९२०च्या सुमारास सुरू केलेला संग्रह पुढे सुमारे २०,००० वस्तूंपर्यंत पोहोचला. हे काम एका माणसाच्या ध्यासातून झाले असले, तरी १९७५ मध्ये त्यांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, म्हणून तो विखुरला नाही.

२. काय घ्यायचे आणि काय घ्यायचे नाही, हे कागदावर ठरवा

याला संग्रह धोरण म्हणतात. दोन पाने पुरतात, परंतु ती कार्यकारिणीच्या सभेत ठराव करून मंजूर झालेली असावीत. त्यात संग्रहाची भौगोलिक मर्यादा, कालखंड, विषय, आणि कोणत्या कारणांसाठी वस्तू नाकारली जाईल, एवढे स्पष्ट लिहावे. आमच्या धोरणातील मुख्य वाक्य असे आहे: या तालुक्यात बनलेली, वापरलेली किंवा येथील माणसांच्या आयुष्याशी थेट जोडलेली वस्तूच स्वीकारली जाईल.

हे वाक्य फार उपयोगी पडते. गावोगावच्या संग्रहालयांत तलवारी, नाणी आणि समया यांची गर्दी होते, आणि तालुक्याचा खरा इतिहास सांगणारी पायली, चिपटे, मापटे ही धान्याची मापे, सुताराची हत्यारे, सहकारी सोसायटीचे पहिले हिशेबाचे पुस्तक किंवा दुष्काळी कामावरची हजेरीपत्रके बाहेर राहतात. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या प्राचीन वस्तूंचा संग्रह पुढे शासकीय संग्रहालय झाला. त्या संग्रहाचे मोल तो तेर या एका प्राचीन व्यापारी नगराचा आहे यातच आहे. तिथली एखादी मातीची बाहुली कुठून आली हे माहीत नसते, तर ती नुसती एक जुनी बाहुली राहिली असती.

धोरण लेखी असले की नकारही सन्मानाने देता येतो. “जागा नाही” असे सांगितल्यास दाता दुखावतो. संस्थेच्या ठरावात ही वस्तू बसत नाही, अमुक संग्रहालयाला ती अधिक उपयोगी पडेल, असे सांगितल्यास तो समजून घेतो.

३. कायद्याच्या दृष्टीने जपून घ्यायच्या वस्तू

या बाबतीत नवे लोक सर्वाधिक चुकतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६पासून लागू आहे. साधारणपणे १०० वर्षांहून जुनी वस्तू, आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेले हस्तलिखित वा दस्तऐवज असल्यास ७५ वर्षांहून जुना, या कायद्याने पुरावशेष ठरतो. प्रत्येक पुरावशेषाची नोंदणी सक्तीची नाही; शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा अधिसूचित प्रकारांची आहे. अशी वस्तू कोणी देऊ केल्यास दात्याकडे नोंदणी प्रमाणपत्र आहे का हे विचारावे, आणि मालकी बदलल्यावर नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे.

शेत नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेले नाण्यांचे गाडगे कोणी घेऊन आले, तर ते ठेवून घेण्याचा मोह टाळावा. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. त्या माणसाला सोबत घेऊन तहसील कार्यालयात जावे आणि अर्ज लिहिण्यास मदत करावी. संग्रहालयाने करायचे काम एवढेच.

वाघनखाचे ताईत, हस्तिदंती बांगड्या, सांबरशिंगे, कातडी या वस्तू जुन्या घरांतून हमखास निघतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे त्यांचा ताबा आणि हस्तांतर यांवर कडक निर्बंध आहेत, म्हणून वनविभागाच्या लेखी उत्तराशिवाय त्या स्वीकारू नयेत. ठासणीच्या बंदुकीसारखे शस्त्र आले, तर त्याचप्रमाणे आधी जिल्हादंडाधिकारी कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी.

वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा), सतीशिळा आणि पडक्या देवळांचे कोरीव दगड यांच्याविषयी माझे मत ठाम आहे: ते जिथे आहेत तिथेच राहू द्यावेत. वीरगळ ज्या वेशीवर उभा आहे ती वेस हाच त्याचा अर्धा इतिहास असतो. त्याचे छायाचित्र, मापे आणि नेमके ठिकाण नोंदवून ती माहिती राज्याच्या पुरातत्त्व विभागास कळवावी. एखाद्या ग्रामस्थाने ट्रॅक्टरमधून मूर्ती आणून दिली तरी ती देण्याचा अधिकार त्याला नसतो, आणि ती चोरीची असल्यास संस्था अडचणीत येते.

४. वस्तू दारात आली की तात्पुरती पोच द्या

देणगी स्वीकारायची की नाही हे वस्तू आणणाऱ्यासमोर लगेच ठरवू नये. दोन प्रतींची छापील पोच तयार ठेवावी. तिच्यावर दिनांक, आणणाऱ्याचे नाव व पत्ता, वस्तूचे साधे वर्णन, तिची स्थिती, आणि “पाहणीसाठी ठेवून घेतली आहे, स्वीकृतीचा निर्णय ३० दिवसांत कळवू” हे वाक्य असावे. एक प्रत त्यांना द्यावी, एक वस्तूसोबत राहू द्यावी. आलेली वस्तू निदान काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवावी, कारण लाकडातली भुंगी आणि कागदातली कसर यांना आत यायला हाच मार्ग पुरतो.

५. वस्तूची हकिगत त्याच दिवशी लिहून घ्या

संग्रहालयाच्या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही पायरी, आणि घाईत सर्वांत आधी वगळली जाते तीही हीच. आणणाऱ्याला बसवून, चहा देऊन, शांतपणे पुढील गोष्टी विचाराव्यात: ही वस्तू घरात कोणी आणली, कोणत्या पिढीत, ती कोण वापरत असे आणि कशासाठी, वापर केव्हा व का थांबला, घरात तिला काय म्हणत, ती मोडली असेल तर कशी, तिच्याबरोबरच्या इतर वस्तू कुठे गेल्या.

यातला “घरात तिला काय म्हणत” हा प्रश्न कधीही सोडू नका. एकाच भांड्याला कोकणात, देशावर आणि वऱ्हाडात वेगवेगळी नावे असतात, आणि एकाच गावातही समाजासमाजांत शब्द बदलतो. नोंदीत ग्रंथातले नाव लिहून बोलीतले वगळले, तर एक शब्द कायमचा हरवतो. म्हणून दोन्ही नावे लिहावीत.

एकदा एका आजींनी साधा, पोचे आलेला तांब्याचा हंडा दिला. पाच शेर पाणी मावेल एवढाच हंडा, बाजारात असे शेकडो मिळतील. पण त्या माहेरी असताना दुष्काळात पाण्यासाठी रात्रभर विहिरीवर रांग लागे आणि जागा धरण्यासाठी हा हंडा रांगेत ठेवला जाई, त्यावरचे पोचे त्या रांगेतल्या ढकलाढकलीचे आहेत, असे त्यांनी सांगितले. ते लिहून घेतल्यामुळे तो हंडा आज आमच्या दालनात पाण्याच्या विषयाच्या मध्यभागी आहे. शक्य असल्यास बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे, परवानगी मात्र आधी घ्यावी आणि तीही ध्वनिमुद्रणातच नोंदवावी. ऐकीव माहितीपुढे “दात्याचे कथन” असे लिहावे. “ही दौत पेशव्यांच्या दफ्तरातली आहे” हे कथन म्हणून नोंदवणे योग्य आहे. पुराव्याशिवाय फलकावर लिहिणे योग्य नाही.

६. दानपत्र घ्या, आणि ते नीट वाचून घ्या

हलवता येणाऱ्या वस्तूचे दान ताबा दिल्याने पूर्ण होऊ शकते, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १२३ सांगते. मग कागद कशाला, असा प्रश्न काही दाते विचारतात. उत्तर असे की ताबा उसना म्हणूनही दिला जातो, आणि दहा वर्षांनी दान होते की उसनवार, हे सांगणारा कागदाशिवाय कोणी नसतो.

आम्हाला हा धडा एका पोथीच्या बाबतीत मिळाला. नातवाने ती मोठ्या प्रेमाने आणून दिली. वर्षभराने त्याचे चुलते आले आणि पोथी एकत्र कुटुंबाची आहे, आम्हाला कोणी विचारले नाही, असे म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे होते. पोथी परत करावी लागली, आणि तिच्या पेटीसाठी झालेल्या खर्चापेक्षा एका चांगल्या घराशी आलेल्या दुराव्याचे दुःख अधिक वाटले. तेव्हापासून वडिलोपार्जित वस्तू असेल तर सर्व हिस्सेदारांच्या संमतीच्या सह्या आम्ही दानपत्रावरच घेतो.

दानपत्रात पुढील मुद्दे असावेत:

• दात्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि ओळखपत्राची प्रत
• वस्तूचे वर्णन, मापे आणि छायाचित्र
• वस्तू स्वतःच्या मालकीची असून तिच्यावर इतर कोणाचा दावा नाही, हे निवेदन
• दान बिनशर्त असल्याचे वाक्य
• फलकावर दात्याचे नाव लिहावे की नाही, याविषयीची इच्छा
• छायाचित्र, पत्र, रोजनिशी असल्यास त्यातील स्वामित्व हक्काची (कॉपीराइटची) स्थिती
• दात्याची सही, दोन साक्षीदार, संस्थेच्या वतीने स्वीकृतीची सही आणि शिक्का

स्वामित्व हक्काचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पत्राचा कागद संस्थेला मिळाला म्हणून पत्रातील मजकूर छापण्याचा हक्क मिळत नाही. तो लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो, आणि तो हस्तांतरित करायचा तर लेखी करावा लागतो. मुद्रांक शुल्काबाबत आणि मजकुराच्या अंतिम स्वरूपाबाबत एकदा स्थानिक वकिलांकडून तपासून घ्यावे, मग तोच नमुना कायम वापरावा.

दोन सापळ्यांपासून दूर राहावे. पहिला, “कायमची उसनवार”. वस्तू दात्याचीच, पण सांभाळायची आपण, ही व्यवस्था मुदतीशिवाय कधीही स्वीकारू नये. एखाद्या प्रदर्शनासाठी उसनी घ्यायचीच असेल तर परतीची तारीख लिहावी. दुसरा, “ही वस्तू नेहमी दर्शनी ठेवावी” ही अट. कापड आणि कागद सतत उजेडात राहिले तर नष्ट होतात, म्हणून अशी अट पाळणे म्हणजे वस्तू बिघडवणे होय. आणखी एक गोष्ट दात्यांना आधीच सांगावी: आयकरातील देणगीची वजावट पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूरूप देणगीवर मिळत नाही.

७. दाखल नोंदवही

वाचनालयात काम केलेल्यांना दाखल नोंदवही, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमाने टिपण्याची वही, परिचयाची असते. संग्रहालयाची नोंदवही तिचीच बहीण आहे. जाड, शिवलेल्या बांधणीची, पृष्ठक्रमांक छापलेली वही घ्यावी. सुटी पाने किंवा स्प्रिंगची वही चालणार नाही, कारण त्यातले पान निघाले तर कळत नाही. न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहावे, चूक झाल्यास एक रेघ मारून बाजूला सही करावी, पांढरा रंग कधीही लावू नये.

क्रमांकासाठी तीन भागांची पद्धत सर्वांत सुटसुटीत आहे: वर्ष, त्या वर्षातील कितवी देणगी, आणि त्या देणगीतील कितवी वस्तू. २०२४.१७.३ याचा अर्थ २०२४ मधील सतराव्या देणगीतील तिसरी वस्तू. क्रमांकात विषयाची अक्षरे घालू नयेत. आम्ही आरंभी नाण्यांना “ना” आणि भांड्यांना “भां” लावले, आणि भांड्यात ठेवलेल्या नाण्यांची देणगी आली तेव्हा ती पद्धत कोलमडली.

प्रत्येक नोंदीत क्रमांक, स्वीकृतीचा दिनांक, वस्तूचे नाव (बोलीतील नावासह), वर्णन, साहित्य, मापे, स्थिती, कोणाकडून व कशी मिळाली, आणि ठेवण्याची जागा हे रकाने हवेत.

येथे शाळांना आणि ग्रामपंचायतींना एक कळकळीची सूचना करतो. संग्रहातील वस्तू संस्थेच्या जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे ज्यात टेबले, खुर्च्या आणि पंखे लिहितात त्या वहीत, लिहू नका. त्या वहीतल्या वस्तूंचे मूल्य दर वर्षी घटते आणि निरुपयोगी म्हणून त्यांचे निर्लेखन होते, म्हणजे त्या नोंदीतून काढून टाकल्या जातात. एका ठिकाणी जुन्या मापांचा अख्खा संच अशा पद्धतीने भंगारात गेलेला मी पाहिला आहे. नियमाप्रमाणे सर्व सह्या झालेल्या होत्या.

८. वस्तूवर क्रमांक घालणे

क्रमांक टिकला पाहिजे, पण काढायचा म्हटल्यास वस्तूला इजा न होता निघालाही पाहिजे. धातू, दगड आणि भाजलेल्या मातीवर पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पातळ थर द्यावा, तो वाळल्यावर शाईने क्रमांक लिहावा आणि वर दुसरा थर द्यावा. नखांचे पॉलिश वापरू नये. ते पिवळे पडते आणि सालपटासारखे सुटते. कापडाला सुती नाडीवर क्रमांक लिहून ती दोन सैल टाक्यांनी शिवावी. कागदावर आणि छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, हलक्या हाताने लिहावे. नाण्यावर काहीच लिहू नये, त्याच्या पाकिटावर लिहावे. चिकटपट्टी, स्टेपलर, रबरी शिक्का आणि रबरबँड या चार गोष्टी संग्रहाच्या खोलीत आणूच नयेत.

सुरुवातीला लागणारे सामान फार नाही: दोन वह्या, छापील पोच व दानपत्रे, मोजपट्टी, वजनकाटा, सेंटीमीटरची पट्टी ठेवून छायाचित्र काढण्यासाठी करडे कापड, मऊ ब्रश, सुती व नायट्राइल हातमोजे, आम्लरहित कागद, मांजरपाट, आणि एक साधा आर्द्रतामापक.

९. साठवण

बहुतेक वस्तूंचे आयुष्य दालनापेक्षा कोठीच्या खोलीत अधिक जाते, म्हणून चांगली खोली कोठीला द्यावी, असे मी सुचवतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला जे घडले ते पाहिल्यानंतर नदीकाठच्या गावात तळमजल्यावर कागद ठेवणे अक्षम्य आहे. वरचा मजला नसेल तर निदान खालची फळी रिकामी ठेवावी.

आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हे टाळणे कठीण असते, पण कपाटे भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे, हवा खेळती ठेवणे आणि दर आठवड्याला कपाट उघडून पाहणे एवढ्याने बराच फरक पडतो. कापड व कागदावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश नको. खिडकीला जाड पडदा हा स्वस्त उपाय आहे.

मोडी कागदांचे रुमाल आले तर जुने कापड फेकू नये, त्यावर कधी कधी दफ्तराचे नाव असते. ते वेगळे नोंदवावे आणि कागद धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात बांधावेत. कागदांचा मूळ क्रम मोडू नये. लॅमिनेशन तर कधीही करू नये. ते उलटवता येत नाही आणि कागद आतल्या आत कुजतो. डांबराच्या गोळ्याही टाळाव्यात. कसर लागलेले कापड किंवा कागद पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवले तर कीड मरते; रंगवलेले लाकूड आणि काचेच्या निगेटिव्ह यांना मात्र हा उपाय करू नये.

पितळ-तांब्याची भांडी चिंच किंवा राख लावून लख्ख घासण्याची इच्छा प्रत्येक स्वयंसेवकाला होते. त्यांना थांबवावे. त्या घासण्याबरोबर कोरलेली नावे, जुनी कल्हई आणि वापराच्या खुणा निघून जातात. हिरवा, भुकटीसारखा कळंक वाढताना दिसला तर वस्तू वेगळी ठेवून मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रासारख्या जाणकार ठिकाणी सल्ला घ्यावा.

१०. जागा आणि पडताळणी

प्रत्येक जागेला खोली, कपाट, फळी आणि खोका असा क्रमांक द्यावा. वस्तू हलवली की तिच्या जागी चिठ्ठी ठेवावी: काय नेले, कोणी नेले, कुठे, केव्हा. वर्षातून एकदा पडताळणी करताना दोन्ही बाजूंनी जावे. नोंदवहीतील पंचवीस नोंदी निवडून त्या वस्तू शोधाव्यात, आणि फळीवरच्या पंचवीस वस्तू उचलून त्यांच्या नोंदी शोधाव्यात. एकाच बाजूने पाहिले तर विनानोंदीच्या वस्तू कधीच सापडत नाहीत. हे काम एकट्याने करू नये. दोघांच्या सह्या असाव्यात.

११. संगणक

वही आधी, संगणक नंतर. सुरुवातीला साधा तक्ता पुरतो. पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने संग्रहालयांसाठी तयार केलेल्या “जतन” या प्रणालीची माहिती घ्यावी. छायाचित्राच्या फाइलला वस्तूचाच क्रमांक द्यावा, आणि सर्व नोंदींची एक प्रत दुसऱ्या गावात ठेवावी.

१२. संग्रहातून वस्तू कमी करणे

कधी एकच वस्तू सात वेळा आलेली असते, कधी वाळवीने काहीच उरलेले नसते, कधी ती दुसऱ्या तालुक्याची असल्याचे कळते. अशी वस्तू काढण्याचा निर्णय एका व्यक्तीने घेऊ नये. लेखी कारण, कार्यकारिणीचा ठराव, आणि दाता किंवा त्याचे कुटुंब हयात असल्यास त्यांना आधी कळवणे, या तीन गोष्टी पूर्ण झाल्यावर ती प्रथम दुसऱ्या संग्रहालयाला किंवा शाळेला देऊ करावी. कार्यकारिणीतील सदस्याला किंवा त्याच्या नातेवाइकाला ती कोणत्याही किमतीला देऊ नये. नोंदवहीतील ओळ खोडायची नाही. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ठरावाचा क्रमांक, दिनांक आणि वस्तू कुठे गेली हे लिहायचे, आणि तो दाखल क्रमांक पुन्हा कोणत्याही वस्तूला द्यायचा नाही.